खुब्याचे दुखणे आधी थांबते, हाड नंतर सावरते : हिप रीसरफेसिंगनंतरचे पहिले वर्ष

हिप रीसरफेसिंगची शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांना साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात एक विलक्षण अनुभव येतो. वर्षानुवर्षे जांघेत ठाण मांडून बसलेली वेदना गेलेली असते, रात्री कूस बदलताना जाग येत नाही, मोजे घालण्यासाठी कोणाला हाक मारावी लागत नाही. आपण पूर्ण बरे झालो, असे मनापासून वाटू लागते. नेमक्या याच टप्प्यावर या शस्त्रक्रियेतील सर्वांत नाजूक काळ चालू असतो, कारण दुखणे थांबवणारी गोष्ट ऑपरेशनच्या टेबलावरच झालेली असते, तर हाडाला आपले बळ परत मिळवायला त्यापुढचे कित्येक महिने लागतात. बरे वाटणे आणि हाड भरून येणे यांच्यातील हे अंतर ज्याला समजले, त्याला डॉक्टरांच्या बहुतेक सूचनांचा अर्थ आपोआप समजतो, म्हणून या लेखात भर त्यावरच दिला आहे.

आधी या शस्त्रक्रियेत नेमके काय करतात ते पाहू. खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो आणि दोन्ही पृष्ठभागांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. हे आवरण झिजले की हाडावर हाड घासू लागते. संपूर्ण खुबा बदलण्याच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत हा गोल माथा मानेसकट कापून काढतात आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब दांडा बसवून त्यावर नवा गोळा लावतात. रीसरफेसिंगमध्ये मात्र माथा काढून टाकत नाहीत. त्याचा झिजलेला पृष्ठभाग तेवढा तासून त्यावर, दाताला कॅप बसवावी तशी, धातूची गुळगुळीत टोपी बसवतात आणि वाटीतही धातूचे अस्तर घालतात. दोन्ही भाग बहुतेक वेळा कोबाल्ट आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे असतात. या पद्धतीला आजचे रूप इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे डेरेक मॅकमिन यांनी १९९१ पासून दिले. त्यातून तयार झालेला ‘बर्मिंगहॅम हिप’ १९९७ मध्ये वापरात आला आणि २००६ मध्ये त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली.

हाड राखले जाते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. पुढे कधी सांधा पुन्हा बदलावा लागला तर मांडीचे हाड जवळजवळ अखंड हाताशी असते, आणि गोळ्याचा आकार नैसर्गिक माथ्याइतकाच मोठा राहत असल्यामुळे सांधा निखळण्याचा धोका नेहमीच्या कृत्रिम खुब्यापेक्षा कमी असतो. पण राखलेले हाड हेच या पद्धतीचे दुखरे मर्मस्थान आहे. गोल माथ्याखाली हाडाचा जो अरुंद भाग असतो, त्याला खुब्याची मान म्हणतात. नेहमीच्या शस्त्रक्रियेत ही मान बहुतांशी काढूनच टाकलेली असते, त्यामुळे ती मोडण्याचा प्रश्न येत नाही. रीसरफेसिंगमध्ये ती जागेवर राहते आणि शरीराचा सगळा भार तिच्यातूनच खाली जातो.

शस्त्रक्रियेत या मानेला बरेच सोसावे लागते. माथ्याकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या मानेच्या मागच्या बाजूने वर चढतात आणि मागून सांधा उघडताना त्यांतील काहींना इजा होऊ शकते. माथा तासताना मानेच्या वरच्या कडेला हत्याराची खाच पडली, तर ती जागा कमकुवत होते. टोपी चिकटवण्यासाठी वापरलेले हाडाचे सिमेंट घट्ट होताना गरम होते. शिवाय टोपी बसल्यावर भार हाडातून वेगळ्या वाटेने जाऊ लागतो आणि हाडाला त्या नव्या भाराप्रमाणे आपली आतली वीण हळूहळू बदलावी लागते. हाड ही जिवंत वस्तू आहे. जुने कण काढून नवे घालण्याचे काम ते सतत करत असते. परंतु या कामात काढणे आधी होते आणि भरणे मागाहून, म्हणून मधल्या काही आठवड्यांत हाड ऑपरेशनच्या दिवशी होते त्याहूनही थोडे कमजोर असू शकते.

ऑस्ट्रेलियातील रुग्णांच्या नोंदींचा एक आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३,४९७ बर्मिंगहॅम रीसरफेसिंगपैकी ५० खुब्यांत मान मोडल्याचे आढळले, म्हणजे प्रमाण सुमारे दीड टक्का होते. स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या जवळपास दुप्पट होते. मला त्यातील दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. हाड मोडण्याची वेळ सरासरी पंधराव्या आठवड्याच्या आसपासची होती. तोपर्यंत कुबड्या सुटलेल्या असतात, टाक्यांचा व्रण फिकट होऊ लागलेला असतो आणि माणूस आनंदाने कामाला लागलेला असतो. धोका रुग्णालयातल्या खाटेवर संपत नाही, तो आपल्याबरोबर घरी येतो आणि आपण निर्धास्त झाल्यावरही काही काळ टिकून राहतो.

वाटीच्या बाजूची गोष्ट वेगळी आहे. तेथील धातूचे अस्तर सहसा सिमेंटशिवाय, नुसत्या घट्ट दाबाने बसवलेले असते. त्याची मागची बाजू मुद्दाम खरखरीत ठेवलेली असते, म्हणजे आजूबाजूचे हाड तिच्या सूक्ष्म छिद्रांत वाढून तिला धरून ठेवते. ही पकड यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. या काळात वाटी वारंवार हलली, तर हाडाऐवजी तंतुमय पेशीजाल तयार होते आणि पकड कायमची ढिली राहू शकते.

आता प्रत्यक्ष दिवसांकडे वळू. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट रुग्णाला आधार देऊन उभे करतात आणि चार पावले चालवतात. बरेच रुग्ण एक ते तीन दिवसांत घरी जातात. इतक्या लवकर उभे करण्यामागचे पहिले कारण रक्ताभिसरण हे आहे. निपचित पडून राहिलेल्या पायाच्या शिरांत रक्त साकळते, त्याच्या गुठळ्या होतात, आणि अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध सुमारे महिनाभर चालू असते, आणि घोटे वर-खाली हलवण्याचा अगदी साधा वाटणारा व्यायाम दर तासाला करायला सांगतात. पोटरीचे स्नायू आवळले की ते पंपासारखे रक्त वर ढकलतात, इतके त्या व्यायामाचे शास्त्र सरळ आहे. औषधाचा कोर्स मध्येच, बरे वाटते म्हणून, थांबवू नये.

पहिल्या दोन आठवड्यांत मांडी सुजते, आणि गुडघ्यापर्यंत, कधी घोट्यापर्यंत काळेनिळे डाग उतरतात. हे रक्त वरून झिरपत खाली आलेले असते आणि काही दिवसांत विरून जाते. दिवसातून काही वेळा पाठीवर झोपून पाय उशीवर उंच ठेवावा आणि कापडात गुंडाळलेली बर्फाची पिशवी थोडा थोडा वेळ लावावी. वेदनाशामक गोळ्या दुखणे असह्य होईपर्यंत न थांबता ठरलेल्या वेळी घ्याव्यात, कारण दुखणे आटोक्यात असेल तरच व्यायाम नीट होतो. अफूवर्गीय तीव्र गोळ्यांनी हमखास बद्धकोष्ठ होते. त्याची तजवीज पहिल्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून करावी, ही तक्रार सांगायला संकोच करू नये. टाके किंवा क्लिपा साधारण दोन आठवड्यांनी काढतात.

सांधा मागच्या बाजूने उघडला असेल, तर मांडी बाहेर फिरवणारे काही लहान स्नायू कापून पुन्हा शिवलेले असतात. ते जुळेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे, खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवू नये, पायावर पाय टाकू नये आणि उभ्याने वळताना ऑपरेशनचा पाय जमिनीवर रोवून शरीर त्यावर फिरवू नये, असे सांगितले जाते. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जात असतील, तर ते आसन बुटके आहे असे समजावे. उकिडवे बसणे आणि जमिनीवर बसणे याला सर्जनची स्पष्ट परवानगी मिळेपर्यंत थांबावे. मोठ्या गोळ्यामुळे हा सांधा सहज निखळत नाही हे खरे, आणि म्हणूनच काही सर्जन या अटी सैल ठेवतात. पण शिवलेल्या स्नायूंना मोठा गोळा काही कामाचा नसतो. दोन रुग्णांना मिळालेल्या सूचना वेगळ्या असतील तर त्यामागे सांधा कोणत्या बाजूने उघडला, हाडाची घनता किती होती, वाटी किती घट्ट बसली अशी खरी कारणे असतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची सूट आपल्यालाही लागू आहे, असे धरून चालू नये.

कुबड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सर्वाधिक उतावळेपणा येथेच होतो. आपण चालताना एका पायावर तोलतो, तेव्हा खुब्यावर शरीराच्या वजनाइतकाच भार येतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो सुमारे अडीच ते तीन पट असतो. याचे कारण तरफेच्या नियमात आहे. शरीराचा तोल खुब्याच्या आतल्या बाजूला असतो आणि कंबर त्या बाजूला खाली झुकू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू तिला ओढून धरतात. त्यांची तरफेची भुजा आखूड असल्यामुळे त्यांना फार मोठा जोर लावावा लागतो, आणि तो सगळा जोर सांध्यावरच पडतो. मोजमापाची उपकरणे आत बसवलेल्या कृत्रिम सांध्यांवरून असेही दिसले आहे की अडखळून स्वतःला सावरताना हा भार वजनाच्या सात-आठ पटींपर्यंत क्षणभर उसळू शकतो. पडले नाही तरी नुसते अडखळणे कोवळ्या हाडाला किती महाग पडू शकते, ते यावरून ध्यानात यावे. घरातील सैल सतरंज्या, जमिनीवर पसरलेल्या तारा आणि ओली फरशी यांची व्यवस्था शस्त्रक्रियेच्या आधीच करावी.

दोन कुबड्यांवरून एका काठीवर येताना काठी ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. अनेकांना हे उलटे वाटते. पण विरुद्ध बाजूने दिलेला आधार सांध्यापासून दूर असल्यामुळे थोड्या जोरातही कंबर तोलून धरतो, त्या बाहेरच्या स्नायूंचे ओझे हलके होते आणि पर्यायाने सांध्यावरचा भार लक्षणीय उतरतो. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी, हा क्रम सुरुवातीला पाळावा. काठी कधी सोडायची याचे उत्तर कॅलेंडरात शोधण्यापेक्षा चालीत शोधावे, असे मला वाटते. काठीशिवाय चालताना शरीर एका बाजूला झुकत असेल, पाऊल आखूड पडत असेल, तर स्नायू अजून तयार नाहीत. लंगडत का होईना, पण काठीशिवाय चालतो, यात अभिमानाचे काही नाही. लंगडण्याची सवय मेंदूत इतकी पक्की बसते की पुढे स्नायू सशक्त झाल्यावरही ती मोडताना फार कष्ट पडतात. बहुतेक जण दोन ते सहा आठवड्यांत काठीपर्यंत किंवा काठीच्या पलीकडे पोचतात. ज्यांना जास्त लागतात, त्यांचे काही बिघडले आहे असे नाही.

व्यायामात नितंबाच्या स्नायूंना पहिला मान द्यावा. शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक वर्षे दुखण्यामुळे तो पाय वाचवला गेलेला असतो आणि हे स्नायू रोडावलेले असतात, म्हणून सांधा नवा झाला तरी त्याला चालवणारे बळ जुनेच असते. पडल्या पडल्या नितंब आवळून धरणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे, उभ्याने पाय बाजूला आणि मागे नेणे, आणि या सर्वांच्या वर नियमित चालणे, एवढ्यावर पहिले सहा आठवडे पुरेसे काम होते. झोपून सरळ पाय उचलण्याचा व्यायाम सुरुवातीला बरेच सर्जन टाळायला सांगतात. त्यात खुब्यावर वाटते त्यापेक्षा जास्त ताण येतो, आणि जांघेतून जाणारा, खुबा वाकवणारा स्नायूबंध चिडतो. या स्नायूबंधाचे दुखणे जिना चढताना किंवा मोटारीत पाय उचलून ठेवताना जाणवते आणि कधी कधी महिनोन्‌महिने रेंगाळते. व्यायामानंतरचा ठणका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरला तर मात्रा योग्य होती. ओसरला नाही, तर दुसऱ्या दिवशी ती कमी करावी.

थकव्याबद्दल कोणी फारसे आधी सांगत नाही. पहिला महिना-दीड महिना दुपारपर्यंतच अंगातले त्राण संपते, झोप तुटक लागते, आणि उत्साहाने सुरू झालेला आठवडा अकारण उदासीत संपतो. रक्तस्राव, भूल, औषधे आणि जखम भरण्याचे आतले काम या सर्वांची ती किंमत आहे. घरच्यांनाही हे ठाऊक असावे, म्हणजे ‘आता दुखत नाही ना, मग झोपून का आहेस?’ हा प्रश्न विचारला जाणार नाही.

बसून करायच्या कामावर चार ते सहा आठवड्यांत परतता येते, अंगमेहनतीच्या कामाला तीन महिने किंवा अधिक लागतात. वाहन चालवण्याचा निकष एकच आहे. अचानक ब्रेक जोराने दाबण्याची वेळ आली तर पाय कचरणार नाही, आणि गुंगी आणणारी औषधे बंद झालेली आहेत, याची खात्री हवी. बहुतेकांसाठी ती वेळ चार ते सहा आठवड्यांनी येते. शरीरसंबंधही साधारण सहा आठवड्यांनंतर, खुबा फार वाकणार किंवा आत वळणार नाही अशा रीतीने, सुरू करता येतात. रुग्ण हे विचारत नाहीत आणि डॉक्टर आपणहून बोलत नाहीत, म्हणून येथे लिहिले.

खेळाकडे परतण्याच्या आशेनेच अनेक जण ही शस्त्रक्रिया निवडतात. टेनिसपटू अँडी मरे यांचे रीसरफेसिंग जानेवारी २०१९ मध्ये लंडनमध्ये झाले. जूनमध्ये त्यांनी क्वीन्स क्लब येथे फेलिसियानो लोपेझ यांच्या साथीने दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची एकेरीची स्पर्धा जिंकली. हे उदाहरण उमेद देणारे आहे, परंतु ते वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. त्यांच्या हाडांची आणि स्नायूंची घडण आयुष्यभराच्या मेहनतीतून झालेली होती, आणि त्यांच्या प्रत्येक दिवसावर तज्ज्ञांचे लक्ष होते. इतरांसाठी जखम पूर्ण भरल्यावर पोहणे आणि स्थिर सायकल, तीन महिन्यांच्या आसपास लांब चालणे, आणि धावणे, उड्या मारणे किंवा जड वजने उचलणे सहा महिन्यांपासून वर्षभरानंतर, तेही एक्स-रे पाहून, असा क्रम सर्वसाधारणपणे सांगितला जातो. सहा महिन्यांची ही मर्यादा स्नायूंसाठी नसून मानेच्या हाडासाठी आहे. पाचव्या महिन्यात धावता येते की नाही हा प्रश्नच नसतो, कारण धावता येतेच.

काही लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. जांघेत नव्याने सुरू झालेले किंवा वाढत जाणारे दुखणे आणि त्याबरोबर परत आलेले लंगडणे ही मानेला तडा जात असल्याची पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी पाय टेकणे कमी करून, कुबड्या पुन्हा घेऊन, लगेच एक्स-रे काढावा. एका पोटरीत दुखरी सूज आली, एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तो तातडीचा प्रसंग आहे. जखमेतून दोन आठवड्यांनंतरही स्राव येत राहणे, लाली पसरत जाणे आणि ताप येणे ही संसर्गाची चिन्हे आहेत. त्यांवर घरी उरलेली प्रतिजैविके घेतली, तर खरा जंतू झाकला जातो आणि निदान अवघड होते.

वर्ष उलटल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, तो धातूचा. धातूवर धातू फिरताना अतिसूक्ष्म कण सुटतात आणि कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरतात. सांधा योग्य कोनात बसला असेल तर दोन्ही पृष्ठभागांमध्ये द्रवाचा पातळ थर टिकतो आणि झीज फार कमी होते. वाटी जास्त उभी बसली किंवा सांध्याचा आकार लहान असला तर कडेवर घर्षण होते, आणि काही रुग्णांत सांध्याभोवतीच्या मऊ भागांना इजा होऊन द्रवाच्या गाठी तयार होतात. ‘एएसआर’ नावाचा सांधा याच कारणाने २०१० मध्ये जगभरातून मागे घेण्यात आला. बर्मिंगहॅम हिपच्या उत्पादकांनीही २०१५ मध्ये स्त्रियांसाठी आणि लहान आकारांसाठी त्याची शिफारस थांबवली. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना हे धातू शरीराबाहेर नीट टाकता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी ही पद्धत योग्य समजली जात नाही. ब्रिटनच्या नियामक संस्थेने रक्तातील प्रत्येक धातूसाठी लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही पातळी अधिक तपासणीची खूण म्हणून ठरवली आहे. ती ओलांडली म्हणजे सांधा काढावाच लागतो असे नाही. तिचा अर्थ इतकाच की विशेष पद्धतीचा एमआरआय काढून आत पाहण्याची वेळ आली आहे. उलट, काहीही दुखत नसताना मऊ भागांची इजा चालू असू शकते, म्हणून एक्स-रे आणि रक्ततपासणीची ठरलेली वेळ चुकवू नये.

ही तपासणी दहा-पंधरा वर्षे चालणार असते आणि तेवढ्या काळात सर्जन, रुग्णालय आणि कदाचित गावही बदललेले असते. तेव्हा शस्त्रक्रियेची टिपणी, सांध्याचे नाव, टोपी आणि वाटीचे मिलिमीटरमधील आकार, त्यांचे लॉट क्रमांक आणि सहाव्या आठवड्याचा पहिला एक्स-रे यांची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना नव्या चित्राची तुलना त्याच जुन्या चित्राशी करायची असते.